काचपट्टी

आधी तारीख लिहायची, बेलफिओरेबाई म्हणाल्या,
भेगेच्या दोन्ही टोकांना, शिसपेन्सिलीनं.
मग आडवी काचेची पट्टी, प्लास्टरच्या दोन गोळ्यांत घट्ट.
भिंत हलली तर काच आधी जाईल.
तिला सांभाळून घेणं जमत नाही.

जिन्यातली भेग, न्हाणीघरातली, आणि ती एक
दिवाणखान्यातली, जिच्यावर मी ब्याऐंशी सालापासून
दरवर्षी नवं कॅलेंडर टांगत आले.
कॅलेंडर उतरवलं. फूटपट्टी धरून फोटो काढला.
पाहुण्यांपासून लपवलेलं सगळं
स्वतःच्या हातानं पुराव्याला लावलं.

फिलाडेल्फियात, आमच्या गल्लीत,
घरं खांद्याला खांदा लावून उभी असतात.
एकाच भिंतीत दोघांचे वासे,
त्यांची टोकं आमच्या विटांत, आमची त्यांच्यात.
घर फिरलं की वासे फिरतात म्हणे.
इथं वासे आधी कापले गेले.

म्हातारा पिएख गेला, मुलीनं ओहायोतून घर विकलं.
नवा मालक कॉनर मफिन घेऊन दारात आला.
‘काही होणार नाही, मिसेस टोलिव्हर.’
मफिन घेतले. म्हटलं, हेच कागदावर लिहून दे.
तो हसला.
त्याच आठवड्यात पोचपावतीचं पत्र धाडलं:
सामाईक भिंतीजवळ मशीन नको, हातानं पाडा.
माझ्या पायाखाली खणण्याआधी नकाशा दाखवा.
आणि भिंत उघडी पडली की
थंडीच्या आत गिलावा करून द्या.
शेवटच्या ओळीखाली दोन रेघा मारल्या.

बशा भिंतीवरून काढल्या. रूबेनचा फोटो
पलंगावर, त्याच्याच उशीवर ठेवला.
तेरा दिवस धूळ.
कॉफीत, भुवयांत, बायबलच्या पानापानांत.
सातव्या रात्री जिन्यातली काच तडकली,
बांगडी पिचावी एवढाच आवाज.

पहाटे गाऊनवर कोट चढवून खड्ड्याच्या काठाशी गेले.
विल्मर मुकादम, होंडुरासचा.
तळहातावरचे दोन तुकडे त्याच्यापुढे धरले.
त्यानं वाद घातला नाही, मशीन बंद केलं.
मालकाला न विचारताच दुपारपर्यंत
सात लाकडी टेकू माझ्या भिंतीला लावले
आणि मग विचारलं, घरात आणखी काच आहे का?

मग त्यांचं घर संपलं, आणि भिंतीची पाठ
पहिल्यांदा उन्हात आली.
त्यांच्या जिन्याची तिरपी रेघ, रंगात उरलेली.
न्हाणीघराच्या हिरव्या फरश्या, अधांतरी.
एका खिळ्याला बूट चढवायचा पत्रा, अजून लटकलेला.
भिंतीला कान असतात, ते मला ठाऊक होतं.
चाळीस वर्षं मी तिच्याशी हळू बोलत आले.

खाली, त्यांचं स्वयंपाकघर होतं तिथं,
शिसपेन्सिलीच्या आडव्या रेघा, एकीवर एक:
यादविगा. यादविगा. यादविगा.
लमार, वय सहा, ७ मे.
हालिना पिएखच्या अक्षरात.

माझा लमार.
त्या वर्षी मी इस्पितळात रात्रपाळी करायचे.
तो वाढतोय हे मला पॅंट आखूड झाल्यावर कळायचं.
भिंतीपलीकडे कुणीतरी
तारीख घालून मोजत होतं.

ऑक्टोबर सरत आला. विटा ओल धरू लागल्या.
कॉनर म्हणाला, शुक्रवारी गिलावा, तुमच्या पत्राप्रमाणे.
पुढच्या शुक्रवारी कर, म्हटलं.
पुढच्या शुक्रवारी म्हटलं, सोमवारी.
त्याला वाटलं, म्हातारी अडवणूक करते.
रविवारी रात्री कपाटामागे हात लावून पाहिला:
भिंत गार, आणि किंचित चिकट.

सोमवारी विल्मर त्या रेघांपाशी थापी घेऊन थांबला.
माझ्याकडे बघत राहिला.
कर, म्हटलं.

त्याआधी एक फोटो काढला होता.
त्यात फूटपट्टी नाही.
लमारला पाठवला, तो हल्ली टक्सनला असतो.
बऱ्याच वेळानं उत्तर आलं:
जिन्यात नवी काच लावलीस ना?